कलशेट्टी सर बघायला येतात

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात लेक्चरर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला असेल. सकाळी वॉर्डात शिरले तर सिस्टर हातातलं काम टाकून जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आज कलशेट्टी सर तुम्हाला बघायला येणार आहेत."

त्या वर्षी मला खरोखरीच बरीच मंडळी बघून गेली होती. नाशिकला आमच्या बैठकीच्या खोलीत मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले होते. कुणी उंची विचारली होती, तर कुणी डॉक्टर झालेल्या मुलीला पुरणपोळी येते का ते विचारलं होतं. सोलापूरची नोकरी मी घेतली त्यात निम्मा हेतू त्या बशांपासून लांब जायचा होता. इथंही तेच असेल तर कठीण होतं. मी सिस्टरना विचारलं, कुणासाठी बघायला येणार आहेत? त्या तोंडावर हात ठेवून हसल्या. तसं नव्हे, म्हणाल्या, राउंड बघायला. ते सगळ्यांनाच बघतात.

तर डॉ. गुरुसिद्ध कलशेट्टी यांची ही खोड. मेडिसिनच्या एका युनिटचे ते प्रमुख. उंच, पुढे किंचित झुकलेले, कपाळावर विभूतीचे पट्टे. हे पट्टे सकाळी ठसठशीत असत आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात राउंड संपेपर्यंत घामानं वाहून भुवयांत उतरत. पांढऱ्या कोटाच्या एका खिशात स्टेथोस्कोप आणि दुसऱ्या खिशात भाजलेल्या शेंगा. त्यामुळे ते जवळून गेले की औषधाचा आणि शेंगांचा मिळून एक वास यायचा. मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडे. घरची भाषा कानडी, शिक्षण मराठीत, डॉक्टरी इंग्रजीत. पण बोलायचे ते आपलं सोलापुरी, सगळ्यांशी, डीनशीसुद्धा.

आपला राउंड आटोपला की ते दुसऱ्याच्या राउंडला जात. बोलावलेलं नसे, विचारलेलं नसे. पलंगाच्या पायथ्याशी हात मागे बांधून उभे राहत आणि शेवटपर्यंत एक शब्द बोलत नसत. राउंड संपला की म्हणत, "चला, च्या घेऊ."

माझ्या राउंडलाही ते असेच येऊन उभे राहिले. त्या दिवशी माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते, कुंभारीकडचे, थंडीतापानं आलेले आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. मी नवी होते, विद्यार्थी पोरं बघत होती, पायथ्याशी कलशेट्टी सर. मी पोटावर हात ठेवून पाणथरी का वाढते याची कारणं इंग्रजीत म्हणायला सुरुवात केली आणि थांबलेच नाही. पुस्तकातलं एकही कारण सोडलं नाही. मला वाटलं, छान झालं.

कँटीनमध्ये त्यांनी दोन चहा सांगितले, आपला बशीत ओतला आणि म्हणाले, "आधी मी काय चोरलं ते सांगतो."

मला कळेना. ते म्हणाले, स्टेथोस्कोप लावायच्या आधी तुम्ही तळहातावर घासून गरम केलात. मी इतकी वर्षं लोकांच्या छातीवर गार लोखंड ठेवतोय आणि ते दचकले की त्यांनाच 'हलू नका' म्हणतोय. हे मी चोरलं बघा. उद्यापासून माझं.

मी खूष झाले. मग त्यांनी बशी खाली ठेवली. "आता एक बोलू का? रागवायचं न्हाय. तुमी पोरांना कारणं सांगताना कॅन्सर हा शब्द लई येळा घेतलात. म्हाताऱ्याला इंग्रजी येत न्हाय. पण तेवढा एक शब्द येतो की."

मी तशीच वॉर्डात परत गेले. म्हातारे भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना साधा हिवताप होता. तो गोळ्यांनी बरा होणार होता आणि ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं. पण मी ते पोरांना सांगितलं होतं, त्यांना नाही. मी शेजारी बसून सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं, "नक्की न्हवं?" आणि उठून बसले.

मी परत कँटीनमध्ये आले. सर अजून तिथेच शेंगा फोडत बसले होते. मला राग आला होता, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून जास्त आला होता. मी म्हटलं, सर, मीही एक बोलू का? तुम्ही पायथ्याशी पेशंटच्या डोळ्यांसमोर उभे राहता. ते म्हातारे माझ्याकडे बघतच नव्हते. खरे डॉक्टर तुम्ही आणि मी कुणीतरी शिकाऊ, असं समजून प्रत्येक उत्तर ते तुम्हाला देत होते.

मला वाटलं, आता हे चिडणार. त्यांचा चेहरा असा फुलला की जणू मी त्यांना पेढा दिला. "हे मला कुणी सांगितलं न्हाय," म्हणाले. "इतक्या लोकांना बघितलं, कुणी सांगितलं न्हाय." त्या दिवसापासून ते खिडकीपाशी, बाजूला उभे राहू लागले.

सगळ्यांनी काही असं घेतलं नाही. सर्जरीचे डॉ. राजवाडे पुण्याचे. त्यांचा राउंड म्हणजे एक सोहळा असायचा. पुढे ते, मागे हाउसमन म्हणजे नवे शिकाऊ डॉक्टर, त्यामागे विद्यार्थी. आणि आवाज असा की बाहेर व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांनाही हर्निया म्हणजे काय ते समजावं. कलशेट्टी सर तिथे जाऊन उभे राहिले तेव्हा राजवाडे सगळ्यांदेखत म्हणाले, मी काय इथे नाटक लावलंय का? बघायचं असेल तर तिकीट काढून या.

दुसऱ्या दिवशी कलशेट्टी सर सकाळी स्टेशनवर गेले आणि प्लॅटफॉर्म तिकीट काढून घेऊन आले. राजवाड्यांच्या वॉर्डाच्या दारात ते पुढे करून म्हणाले, दुसरं कुटलं मिळालं न्हाय. यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की एवढं केल्यावर राजवाडे हसतील आणि आत घेतील. हसले विद्यार्थी. राजवाड्यांनी वॉर्डाचं दार लावून घेतलं.

हे सगळं सर कशासाठी करत, हा आम्हा तरुण डॉक्टरांच्या गप्पांतला नेहमीचा विषय होता. कुणी म्हणे, वरिष्ठांना चुगल्या सांगतात. ते खोटं होतं. बघितलेलं ते दुसऱ्या कुणाला कधी सांगत नसत. कुणी म्हणे, रिकामपण. त्यात थोडं तथ्य होतं. सरांनी लग्न केलं नव्हतं. सगळ्या दवाखान्याला बघायला जाणाऱ्या या माणसानं स्वतःसाठी मुलगी मात्र एकही बघितली नव्हती. खाणावळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायची, दवाखान्याच्या क्वार्टरात झोपायचं आणि रविवारी कोट न घालता, चपला घालून परत वॉर्डात यायचं. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की शहर सुटायचं, रस्ते सायकलींनी भरायचे, प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं असायचं. सर त्या वेळी कँटीनच्या दारातल्या टेबलाशी बसलेले असत. येणाजाणाऱ्याला म्हणत, "बसा की." बहुतेकांना घाई असे.

आमचे विभागप्रमुख भले गृहस्थ होते. कलशेट्टी सर त्यांच्यामागे लागले, की हे बघणं एकट्याचं नको, सगळ्यांनी सगळ्यांना बघायचं ठरवा. तुम्ही मला बघा, मी तुम्हाला, शिकवणं सुधारेल, राउंड सुधारेल. प्रमुखांनी बरेच दिवस टाळलं आणि शेवटी कंटाळून हुकूम काढला: महिन्यातून एकदा प्रत्येकानं दुसऱ्याचा राउंड किंवा तास बघायचा आणि नंतर दोघांनी बसून बोलायचं.

मग वॉर्डांना लग्नघराची कळा आली. कुणाचा राउंड बघायचा दिवस असला की आदल्या दिवशी चादरी बदलत. ज्यांच्या आजाराचं निदान होत नव्हतं असे पेशंट हवा खायला म्हणून व्हरांड्यात हलवले जात. आमच्या एका लेक्चररनी पेशंटची इतकी तालीम घेतली होती, की त्यांनी 'काय होतंय' विचारायच्या आत त्या माणसानं छातीत कळ, डाव्या हातात मुंग्या आणि दरदरून घाम असं सगळं क्रमानं म्हणून टाकलं आणि वर विचारलं, बरोबर झालं का साहेब? बघायला आलेले डॉक्टर शेवटी 'छान, उत्तम' म्हणत आणि निघून जात. उद्या आपल्यालाही हेच बघणार आहेत, मग वाईट कशाला बोला, असा सरळ हिशेब होता.

कलशेट्टी सरांनाही सगळे बघायला गेले. सगळ्यांनी उत्तम म्हटलं. कँटीनमध्ये सर त्यांच्यासमोर चहा ठेवून म्हणत, एक तरी चूक सांगा की. ते म्हणत, छे हो सर, तुमच्यात काय चूक काढायची. चहा संपवून उठत. सर समोरचा रिकामा कप बघत बसत. हुकूम झाला, योजना चालू झाली आणि पूर्वी त्यांच्याबरोबर भांडायला का होईना जे चारजण बसायचे, तेही बसेनासे झाले.

याच सुमाराला त्यांच्यात थोडा फरक पडला. विद्यार्थ्यांवर चिडू लागले. तोंडात तांदूळ धरून बोलता का, मोठ्यानं बोला, म्हणत. पेशंटला एकच प्रश्न दोनदा विचारत. कुणी विनोद केला की इतर हसल्यावर क्षणभरानं हसत. आम्ही म्हटलं, वय झालं.

एक दिवस दुपारी ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत येईनात. उद्या माझा राउंड बघायला या, म्हणाले. मी म्हटलं, येते की सर. तरी ते जाईनात.

"बाकीचे बघून गेले तसं न्हाय," ते म्हणाले. "तुमी खरं बघा, डॉक्टरबाई."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वॉर्डात खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांचा राउंड बघण्यासारखा असायचा, त्यात शंका नव्हती. ते पेशंटशी उभ्यानं बोलत नसत. स्टूल ओढून बसत, आपला चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर आणत आणि आधी घर विचारत. अक्कलकोटकडचा असला तर कानडीत, मोहल्ल्यातला असला तर दख्खनीत. त्या दिवशी भूमय्या नावाचा एक तरुण होता, पूर्व भागातल्या मागावर काम करणारा. बायको उशाशी उभी होती. मागावर बसलं की दम लागतो, अशी तक्रार. सरांनी मोडक्यातोडक्या तेलुगूत त्याला माग किती वेळ चालवतोस, रात्री उशी किती उंच लागते असं विचारलं. तो हसून त्यांचं तेलुगू दुरुस्त करत उत्तरं देत होता.

मग सरांनी स्टेथोस्कोप तळहातावर घासला आणि त्याच्या छातीवर ठेवला. बराच वेळ ऐकलं. हृदय ठीक आहे, म्हणाले. सुताची धूळ छातीत जाते त्याचा हा दमा आहे, औषध द्या, उद्या घरी सोडा.

त्यांचा हाउसमन चाचरत म्हणाला, सर, मला एक बारीक आवाज वाटला होता.

सरांनी पुन्हा स्टेथोस्कोप ठेवला. डोळे मिटले. मग त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि विद्यार्थ्यांना ऐकायला सांगितलं. एकेक पुढे आला, ऐकलं आणि नाही म्हणाला. शेवटी हाउसमननं परत ऐकलं. तोही म्हणाला, नाही सर, मला भास झाला असेल.

राउंड पुढच्या पलंगाकडे गेला. मी मागे राहिले. भूमय्याला म्हटलं, जरा पुढे वाक आणि श्वास सोडून थांब. आवाज होता. कुणी ओठांतून हळूच फुंकर घालावी तसा, प्रत्येक ठोक्यामागून येणारा. बारीक होता, पण स्पष्ट होता. हृदयाची झडप गळत होती. या माणसाला दम्याचं औषध देऊन परत मागावर बसवलं असतं तर तो फार दिवस बसला नसता.

कँटीनमध्ये सर आधीच जाऊन बसले होते. चहा आला. मी सुरुवात केली, म्हटलं, तुम्ही पेशंटला तुमची चूक दुरुस्त करू देता. तो हसला की त्याची भीती जाते. हे मी चोरलं.

"बरं. आता दुसरं."

"सर, भूमय्याची झडप गळतेय. आवाज आहे. तुम्हाला ऐकू आला नाही."

त्यांनी बशी उचलली, ओठांपर्यंत नेली आणि तशीच खाली ठेवली. मला वाटलं आपण हे असं तोंडावर बोलायला नको होतं. पण ते माझ्याकडे बघत होते ते रागानं नव्हे. ज्याचा रिपोर्ट काय येणार हे आधीच ठाऊक असतं तो पेशंट बघतो तसं बघत होते.

मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक कानाशी धरली तरी येईना झाली, तेव्हापासून शंका होती, ते म्हणाले. स्वतःची परीक्षा स्वतः कशी घेणार? जे ऐकू येत नाही ते आपल्याला ऐकू येत नाही हे कळणार कसं? म्हणून एकेकाला बोलावत होतो. सगळे उत्तम म्हणून गेले.

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. डॉक्टर झाल्यावर पहिली कितीतरी वर्षं त्यांनी बोरी नदीकाठच्या एका खेड्यात, सरकारी दवाखान्यात काढली होती. आसपास दुसरा डॉक्टर नाही. पावसाळ्यात नदी भरली की तालुक्याला जाता येत नसे. सकाळपासून लोक यायचे, ते औषध द्यायचे, लोक जायचे.

"बरा झाला तर स्वामींची कृपा," ते म्हणाले, "मेला तर स्वामींची मर्जी. माझा हात कुटंच न्हाय. मी बरोबर केलं का चुकीचं, सांगणारं कुणी न्हाय हो. लोक पाया पडायचे. मला रात्री झोप यायची न्हाय."

तिथे एकदा तालुक्याचे एक वृद्ध डॉक्टर कशासाठी तरी आले आणि नदीला पाणी आल्यामुळे अडकले. दिवसभर बाकावर बसून त्यांनी या तरुण डॉक्टरला काम करताना बघितलं आणि संध्याकाळी म्हणाले, तू टोचतोस छान, पण ऐकत नाहीस. सर म्हणाले, कुणीतरी आपल्याकडे बघून बोललं म्हणून मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि ते निघून गेले.

एवढं सांगून सर उठले. मला म्हणाले, चला वॉर्डात. मला वाटलं ते केसपेपर गुपचूप बदलतील. त्यांनी हाउसमनला आणि सगळ्या विद्यार्थ्यांना भूमय्याच्या पलंगापाशी परत बोलावलं. त्याला पुढे वाकायला सांगितलं आणि म्हणाले, इथं आवाज आहे. मला ऐकू येत नाही, कारण माझे कान गेलेत. डॉक्टरबाईंना आला. मग हाउसमनकडे वळले. "तुमाला आला होता. मी न्हाय म्हटल्यावर तुमाला पण येईना झाला. माझे कान गेले ते वयानं. तुमचे कशानं गेले?"

सरांनी खिशातून मूठभर शेंगा काढून त्याच्या हातावर ठेवल्या आणि ऐकायला लावलं. सगळ्यांनी ऐकलं. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. भूमय्याची बायको घाबरून मला तेलुगूत काहीतरी विचारत होती; सरच तिच्याशी बोलायला स्टूल ओढून बसले. भूमय्या घरी गेला नाही. त्याला नियमानं इंजेक्शन चालू झालं, मागावरचं काम सुटलं आणि पुढे तो चौकात केळी विकताना मला बरेचदा दिसायचा.

प्रमुखांनी सरांना बोलावून सांगितलं, की हे बाहेर बोलू नका, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत, तेवढे निभावून नेऊ. सर म्हणाले, सगळ्या वॉर्डासमोर सांगून आलोय, आता लपवू कुटं? त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. शर्टाच्या खिशात डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. ते यंत्र मधूनच शिट्टी मारायचं. गंभीर आजाऱ्यासमोर एकदा त्यानं अशी काही शिट्टी घातली की शेजारच्या पलंगावरचं तापानं फणफणलेलं पोर हसायला लागलं. त्यानंतर ते यंत्र बहुतेक वेळा शेंगांच्या खिशात असे. छाती ऐकायची वेळ आली की ते बाजूला सरकत आणि हाउसमनला पुढे करत. विद्यार्थी पाठीमागे त्या हाउसमनला 'सरांचा कान' म्हणत.

एक गोष्ट मात्र अशी झाली जी कुणाला अपेक्षित नव्हती. एका सकाळी डॉ. राजवाडे स्वतः आमच्या वॉर्डाच्या दारात आले. एरवी ज्यांचा आवाज दोन इमारती ओलांडायचा ते हळू बोलत होते. म्हणाले, कलशेट्टी, आज माझा राउंड बघायला येता का? सरांना ऐकू गेलं नाही. राजवाड्यांनी परत, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. सर लगेच निघाले. दोघांचा चहा त्या दिवशी फार वेळ चालला. काय बोलणं झालं ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर सर सोलापुरातच राहिले, दोन खोल्या भाड्यानं घेऊन. काही महिने ते रोज दवाखान्यात येत. माझ्या वॉर्डात खिडकीशी उभे राहत, नंतर कँटीनमध्ये चहा घेत. एकदा मी विचारलं, आज काय चोरलं सर? ते हसले. चोरण्यासारखं लई असतं, म्हणाले, पण आता नेऊन वापरू कुटं?

मग नवे सुपरिंटेंडेंट आले. त्यांनी अदबीनंच सांगितलं, की निवृत्त माणसानं वॉर्डात येणं नियमात बसत नाही. सरांनी हुज्जत घातली नाही. वॉर्डात येणं बंद केलं. कँटीनमध्ये येत राहिले, मग तेही कमी झालं. मी रविवारी त्यांच्या खोलीवर जात असे. आठवड्यातल्या पेशंटच्या हकिगती मी त्यांना मोठ्यानं सांगायचे. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन बसायची आणि मग त्या पोराच्या काविळीचं काय झालं हो, असं मला पुढच्या रविवारी विचारायची.

पुढच्या वर्षी माझी औरंगाबादला बदली झाली. निरोपाच्या दिवशी सर म्हणाले, तिकडं तुमाला कोण बघंल? मी म्हटलं, बघेल कुणीतरी.

औरंगाबादला कुणी बघितलं नाही. तिथे आपापला राउंड, आपापला वॉर्ड. दोन वर्षांत एकाही डॉक्टरनं मला 'एक बोलू का' म्हटलं नाही. सगळे म्हणायचे, मॅडम फार छान शिकवतात. मला कधीकधी त्या बोरीकाठच्या तरुण डॉक्टरची आठवण यायची.

एक दिवस राउंड अर्ध्यावर आला होता. मी पोरांना एक नाडी दाखवत होते आणि सहज खिडकीकडे बघितलं. तिथे कलशेट्टी सर उभे होते. एसटीच्या धुळीनं केस पांढऱ्याचे तांबूस झालेले, खांद्याला पिशवी, हात मागे बांधलेले. तुळजापूर, बीड करत पूर्ण दिवसाचा प्रवास करून ते आदल्या संध्याकाळी पोचले होते, धर्मशाळेत उतरले होते आणि सकाळी विचारत विचारत माझ्या वॉर्डात आले होते. विद्यार्थ्यांनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं, माझे सर. आणि राउंड पुढे चालू केला, कारण थांबवलेला त्यांना आवडला नसता. माझा आवाज जरा बिघडला होता. त्यांना तो ऐकू येत नव्हता हे बरं.

चहाच्या वेळी त्यांनी पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. ऐकू एक अक्षर आलं न्हाय, म्हणाले, यंत्र बंद पडलंय. नुसतं डोळ्यांनी बघितलं. मग म्हणाले, "कोपऱ्यातल्या बाईनं दोनदा हात वर केला. तुमी पोरांकडं बघत होता."

आम्ही दोघं परत गेलो. कोपऱ्यातली बाई तरुण होती, पोटदुखीनं आलेली. पोरांच्या घोळक्यासमोर तिला जे सांगायला लाज वाटत होती, ते तिनं माझ्या कानात सांगितलं. तिला दिवस गेले होते आणि सकाळपासून रक्त जात होतं. अर्ध्या तासात ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. सर बाहेर बाकावर तिच्या सासूशेजारी बसून राहिले. ती वाचली.

मी त्यांना माझ्याकडे राहायला नेलं. ते चार-पाच दिवस राहिले आणि रोज राउंडला आले. सोलापुरात कुणाला सांगून आलात का, असं मी विचारलं. दूधवाल्याला सांगितलंय, म्हणाले.

जायच्या दिवशी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. ते खिडकीजवळच्या जागेवर बसले, पिशवी मांडीवर घेतली. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. कंडक्टर दार लावत होता. त्यांनी खिडकीतून वाकून मला काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग विचारलंच.

"दिवाळीनंतर परत आलो तर चालंल का?"

मी म्हटलं, या. इंजिनाच्या आवाजात त्यांना ते कळणं शक्य नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खिडकीच्या गजाला धरून टाचा उंचावल्या आणि पुन्हा, सावकाश, ओठ मोठे करून म्हणाले, "या, सर. या."